फार नाही, चाळीस लाख वर्षं

आमच्या साडूंइतका निवांत माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. मात्र हे त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. पृथ्वीची पाठ म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि "पाठ म्हणजे नेमकं कुठवर? वरचे शंभर किलोमीटर ना?" असं विचारून समोरच्याला हाताला धरून खाली नेतात. एकदा खाली गेलेला माणूस जेवणाची पानं मांडली जाईपर्यंत वर येत नाही. मी सांगलीत औषधांच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस. गिऱ्हाईक काउंटरवर जरा ताटकळलं की मला घाम फुटतो, एसटी फलाटावर लागायच्या आधी मी दारापाशी उभा असतो आणि चहा उकळेपर्यंत मी गॅसला शिव्या देतो. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी असाव्यात, ही कुणाची थट्टा आहे ते देवच जाणे. लग्न झाल्यापासून मी या गृहस्थांची कुठे ना कुठे वाट बघत उभा आहे.

वडूजला आमच्या मेव्हण्याच्या मुलाचं लग्न होतं. दोन्ही कुटुंबं त्यांच्याच गाडीतून निघालो, हीच पहिली चूक. वाटेत रस्ता रुंद करायला एक टेकडी फोडलेली होती. साडूंनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि त्या ताज्या फोडलेल्या दगडापुढे हात मागे बांधून उभे राहिले. मी घड्याळ दाखवलं. मुहूर्त सांगितला. शेवटी ओरडलो, "अहो साडूबुवा, अक्षता पडतील तिकडे!" ते मागे न बघता म्हणाले, "पडू देत की. लग्न टिकणार आहे ना? मग गाठू आपण." आम्ही पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती आणि नवरा मुलगा बूट शोधत होता. साडूंनी त्याला जवळ घेऊन आशीर्वाद दिला आणि खिशातून दगडाचा एक तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. म्हणाले, "साडेसहा कोटी वर्षं टिकलाय. तुमचंही तसंच होवो." त्या बिचाऱ्याने तो आहेराच्या पाकिटांत ठेवला.

काळाचं त्यांचं मोजमापच वेगळं आहे. "परवा परवापर्यंत तिथे समुद्र होता" असं ते म्हणाले तर तो परवा चार-पाच कोटी वर्षांपूर्वीचा असतो. ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी आणि यांची बायको, हिने एकदा गळका नळ दुरुस्त करायला माणूस कधी आणताय म्हणून विचारलं. हे म्हणाले, "लवकरच." ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच बघा बाई कोणी. यांच्या लवकरच मध्ये एखादा डोंगर उभा राहायचा." साडूंना याचा राग आला नाही. डोंगर तेवढ्यात उभा राहत नाही, एवढी दुरुस्ती मात्र त्यांनी केली.

साताऱ्याच्या एका कॉलेजात त्यांनी भूशास्त्र शिकवलं. भूशास्त्र शिकवणारा माणूस साताऱ्यात राहतो म्हटल्यावर लोकांनी त्याचं काय करावं, ते त्यांनी केलं. कोयनेकडे जरा काही हललं आणि फळीवरची भांडी वाजली की साडूंचा फोन वाजायचा. शेजारचे दूधवाले नाना तर फोनही करत नाहीत, थेट कुंपणापाशी येतात. "आवं सर, मगाशी भांडी वाजली. संपलं म्हनायचं का अजून हाय?" साडू शांतपणे म्हणतात, "नाना, तो माझा विषय नाही. माझा विषय हिमालयाखालचा." नाना म्हणतात, "आसं व्हय? मग हितलं कोण बगतंय?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला साडू त्यांना व्हरांड्यात बसवतात, आणि थोड्या वेळाने नानांना भूकंपापेक्षा गप्पा आवरणं अवघड होऊन बसतं. घरी जाताना त्यांची भीती मात्र गेलेली असते, हेही खरं.

आता हिमालयाखालचा विषय म्हणजे काय, हे मला सांगणं भाग आहे. मी ते त्यांच्याकडून भाकरीवर ऐकलं आहे, थालीपिठावर ऐकलं आहे, आणि एकदा आमच्याच घरी सांगलीत पुरणपोळीवर. पृथ्वीचं कवच प्लेटांचं बनलेलं आहे आणि त्या सरकत असतात, एवढं आपण शाळेत शिकलो. समुद्राखालची प्लेट थंड आणि जड, ती दुसरीच्या खाली शिरते आणि आत बुडत जाते. बुडताना ती आपल्या शेपटीला जोडलेला सबंध भूखंड मागे ओढत आणते. पण भूखंड हलका. तो समोरच्या भूखंडावर आदळतो आणि बुडायला तयार होत नाही. खालचं ओझं ओढतंय, वरचा हटून बसलाय, आणि मधल्या मधे ती बुडालेली प्लेट ताणली जाते. ताणून ताणून एका जागी तिची कंबर बारीक होते आणि एके दिवशी ती तुटते. तुटलेला तुकडा खोल खोल जातो आणि ओझं सुटलेली वरची जमीन हळूहळू वर येते. ही तुटण्याची गोष्ट साडूंचा ध्यास. पुरणपोळीच्या वेळी त्यांनी एका पोळीखाली दुसरी सरकवली, बोटाने ताणली, पुरण बाहेर आलं, आणि ते "हेच, हेच" म्हणून इतके हरखले की माझी बायको तुपाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. शेवटी तिने विचारलं, "भाऊजी, तूप आत्ता वाढू का टक्कर झाल्यावर?"

कराडच्या अलीकडे हमरस्त्याला लागून एक गुऱ्हाळ आहे. हंगामात तिथे थांबल्याशिवाय साडूंची गाडी पुढे जात नाही. सगळे लोक तिथे काकवी खायला थांबतात. हे गरम काकवीचा डाव उंच धरतात आणि धार मधे कुठे बारीक होते, कुठे तुटते, ते डोळे बारीक करून बघत बसतात. थोडी गार झाली की परत. आणखी गार झाली की परत. पहिल्या वर्षी गुऱ्हाळवाल्याला वाटलं, हे भेसळ तपासणारे साहेब आहेत, म्हणून त्याने खुर्ची दिली. नंतर ओळख पटली. "आवं सर, खायाची हाय का नुसती बगायची? तुमी बगूस्तवर गार झाली की सगळी!" साडू म्हणाले, "गार व्हायलाच पाहिजे. गार झाली की तुटायला वेळ लावते." गुऱ्हाळवाला माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "लय शिकल्यालं दिसत्यात." तो मान देत होता की हळहळत होता, ते मला आजवर कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, ट्रेक करतात, नाहीतर सकाळी टेकडीवर जाऊन जोरजोरात हसतात. साडूंनी मागच्या खोलीत एक दांडगा कॉम्प्युटर आणून बसवला आणि त्यात पृथ्वी फोडायला घेतली. म्हणजे भारताच्या उत्तरेकडचा एक प्रचंड ठोकळा घ्यायचा, त्याचे लक्षावधी बारीक चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला सांगायचं की तू इतका गरम, इतका जड, इतका घट्ट, आणि मग गणिताला सोडून द्यायचं. मशीन काही हजार वर्षं पुढे जातं, सगळे तुकडे कुठे सरकले ते काढतं आणि पुन्हा काही हजार वर्षं पुढे जातं. सपाट चित्र असेल तर ते लवकर उरकतं. पण साडूंचं म्हणणं असं की प्लेट एकदम तुटत नाही. जुनं धोतर फाटावं तशी ती एका टोकाला फाटायला लागते आणि फाट सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जाते. मग ती बघायला लांबी, रुंदी, खोली सगळंच हवं, आणि घरच्या मशीनला त्याला महिनेच्या महिने लागतात. त्यांचा एक जुना विद्यार्थी परदेशात याच विषयाचा प्राध्यापक आहे आणि दोघांचा मिळून एक निबंध चालला होता. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, आमच्याकडे मोठी मशीन आहे, एका दिवसात होईल." साडूंना ते पटेना. "एका दिवसात? मग मी बघणार काय?"

तेव्हापासून त्या घराचे कायदे बदलले. मशीनचा पंखा अखंड घरघरत असायचा. मशीन चालू असताना मिक्सर लावायचा नाही, कारण एकदा मिक्सरने घरातले दिवे गेले होते आणि ऐन टकरीच्या वेळी दोन्ही भूखंड जागच्या जागी थांबले होते. इन्व्हर्टर आला. ताईची चटणी पाट्यावर आली. मी तिला म्हटलं, "ताई, तुम्ही काही बोलत कशा नाही?" ती म्हणाली, "दुसऱ्यांचे नवरे क्लबात जातात. माझा मागच्या खोलीत आहे, हाक मारली की ऐकू जाते." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे ऐकू जाते. ओ देत नाहीत."

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत साडू न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. आतून कडी होती, ताईला दार उघडता येईना. नाना दूध घालायला आले म्हणून निभावलं, त्यांनी कडी उचकटून यांना बाहेर आणलं. फार काही झालं नव्हतं, पण बंगळूरला असलेली त्यांची एकुलती एक लेक केतकी विमान पकडून आली आणि तिने हट्टच धरला. आता दोघांनी इथे एकटं राहायचं नाही. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर एक घर रिकामं होतं, ते तिने ठरवूनही टाकलं. साडू म्हणाले, "येतो ना. हे एवढं मॉडेल पूर्ण होऊ दे." आता हे वाक्य दुसऱ्या कुणाचं असतं तर ठीक होतं. केतकी दर रविवारी फोन करायची, आणि पलीकडून पहिला प्रश्न तब्येतीचा नसायचा. "बाबा, तुटली का?" इकडून उत्तर यायचं, "अजून नाही. कंबर बारीक होतेय." पोरीचा जीव टांगणीला लागलेला. एकदा मलाच फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "काका, न उचललेल्या फोनची प्रत्येक रिंग माझ्या छातीत वाजते हो." मी माणूस तापट. मी साताऱ्याला जाऊन साडूंना फैलावर घेतलं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण अर्धवट टाकून जाता येत नाही हो."

त्यानंतरच्या दसऱ्याला आम्ही नवरा-बायको साताऱ्यालाच होतो. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याची अवजारं, शिंप्याचं मशीन, रिक्षावाल्याची रिक्षा, सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावून मांडायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला जुंपायचं नाही. माझ्या दुकानातला तराजूदेखील त्या दिवशी सुट्टीवर असतो. सकाळी साडू झेंडूची फुलं आणायला बाहेर गेले होते. ताईने सुरी, खलबत्ता, पाटावरवंटा सगळं मांडलं आणि मागच्या खोलीकडे बघून म्हणाली, "सगळ्यांच्या हत्यारांची पूजा होते. यांच्याच हत्याराला कुणी कधी हळदीचं बोट लावलं नाही." असं म्हणून ती आत गेली, भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं, इन्व्हर्टरचंही केलं, त्या काळ्या पेटीला पाच बोटं हळदकुंकवाची ओढली आणि पंख्याच्या जाळीत झेंडूचं फूल खोचलं.

घर एकदम गप्प झालं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं काय झालंय ते. ताईला काही सांगणार तेवढ्यात फाटक वाजलं. साडू पायरीवरच थबकले, कान देऊन उभे राहिले आणि फुलांची पिशवी तशीच हातात घेऊन खोलीच्या दाराशी आले.

"कोणी बंद केलं?"

"मी," ताई म्हणाली. "पूजलेलं हत्यार चालू कसं ठेवायचं? सकाळी विचारलं होतं मी तुम्हाला. तुम्ही हं म्हणालात."

साडूंनी त्या हळदीच्या बोटांकडे बघितलं. मी मधे पडायला तयारच होतो. त्यांनी पिशवी खाली ठेवली, तबकातलं कुंकू घेतलं आणि म्हणाले, "कीबोर्ड राहिला की." आणि त्याला एक टिकली लावून हात जोडले.

मी त्यांना बाजूला घेतलं. "किती नुकसान झालं हो?"

"फार नाही," ते म्हणाले. "चाळीस लाख वर्षं."

मशीन अधूनमधून आपलं काम साठवून ठेवतं, पण जागा पुरेना म्हणून त्यांनीच ते साठवणं लांबवलं होतं. त्यामुळे गणपतीपासूनचं सगळं गेलं होतं. मी म्हटलं, "मग निदान आत्ता तरी चालू करा." ते म्हणाले, "आज? पूजा झालीय." तो सबंध दिवस त्यांना बघायला काही नव्हतं, म्हणून ते ताईजवळ पाटावर बसून झेंडूच्या माळा ओवत राहिले. त्यांच्या माळा वाकड्या होत होत्या. ताई त्या उसवून परत ओवत होती आणि मधूनच गुणगुणत होती. मी आणि माझी बायको बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. आतून त्या दोघांच्या हसण्याचा आवाज आला, तसा तो कैक वर्षांत ऐकला नव्हता.

निबंधाला मात्र मुदत होती. छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकाला उशिराचं कारण कळवायचं होतं. परदेशातल्या विद्यार्थ्याने सुचवलं की यंत्रात बिघाड झाला असं लिहू. साडूंनी साफ नकार दिला. बिघाड झालाच नव्हता. त्यांनी स्वतःच्या हाताने कळवलं की यंत्राची वार्षिक पूजा असल्यामुळे आणि त्या दिवशी यंत्रास विश्रांती देण्याचा आमच्याकडे रिवाज असल्यामुळे काम मागे पडलं आहे. संपादक भला माणूस असावा. त्याने मुदत वाढवली आणि असा रिवाज वर्षातून किती वेळा येतो, एवढीच चौकशी केली.

केतकीचं बंगळूरचं घर तसंच रिकामं राहिलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर रविवारी तेच. "बाबा, तुटली का?" "अजून नाही." चैत्रात एक दिवस साडूंचा मला दुकानात फोन आला. आवाज खाली होता. "एकदा येऊन जा. एकटेच या." मला वाटलं पुन्हा चक्कर आली. दुकान पोराच्या हवाली करून मी तसाच निघालो. वाटेत ताईसाठी भडंग घ्यायचीही शुद्ध राहिली नाही.

ते ठणठणीत होते. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पडद्यावर चित्र सुरू केलं. निळ्या रंगाची प्लेट तांबड्यात बुडत होती. तिची कंबर बारीक बारीक होत गेली, मग एका टोकाला बारीकशी फाट पडली आणि ती फाट न थांबता पलीकडच्या टोकाला गेली. तुकडा सुटला, खाली खाली गेला. आणि वरची जमीन, इतका वेळ दबलेली, सावकाश वर आली. मला त्यातलं गणित काही कळत नाही, पण मी श्वास धरून बघत होतो. "अहो, झालं की हो हे! कधी झालं?"

"पौषात," साडू म्हणाले. "निबंधही गेला. घेतलाही त्यांनी. पण पेढे वाटता येईनात ना."

"का?"

"पेढे वाटले की जावं लागेल. मला कुठेही चालेल हो. मला तर केतकीजवळ राहायला आवडेल. तिकडचा दगड अब्जावधी वर्षांचा आहे, आपला त्याच्यापुढे परवाचा. पण हिला इथून हलायचं नाहीये. खंडेनवमीला मशीन बंद पडलं, जाणं लांबलं, आणि ही दिवसभर गुणगुणत होती. तुम्ही ऐकलंत ना? मला तेव्हाच कळलं. म्हणून नुसता पंखा चालू ठेवलाय. तिला सांगू नका."

पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो. ताई भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दाखवलं का तुम्हाला?"

"काय?"

"संपलंय ते. मला कळत नाही होय? आधी एका जेवणात तीनदा उठून बघून यायचे. आता बसून दोनदा भात मागतात. शिवाय ती खोली भट्टीसारखी तापायची, आता गार आहे. पण भाऊजी, मी काही बोलले नाही. खंडेनवमीला एवढं काम वाया गेलं आणि हे चकार शब्द रागावले नाहीत, उलट माळा ओवत बसले. तेव्हाच मी ओळखलं, यांना जायचंच नाहीये. मी तर कधीची तयार आहे. शेजारच्या बाईकडून थोडं कानडीपण शिकलेय. ऊट आयता म्हणजे जेवण झालं का. पण यांचं मन इथे असेल तर कशाला?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "तुम्ही यांना काही सांगू नका."

आम्ही तिघं जेवायला बसलो. रविवार होता. फोन वाजला आणि ताईने तो ताटाशेजारी ठेवून आवाज मोठा केला. केतकी म्हणाली, "आई, बाबा, झालं का हो ते?"

"चालू आहे," दोघं एकदमच म्हणाले.

एक तर मी तापट, त्यात भुकेला. घास हातात तसाच राहिला आणि माझा आवाज चढला. "खोटं बोलतायत गं दोघंही! पौषातच तुटलीय ती. याला वाटतंय तिला जायचं नाही, तिला वाटतंय याला जायचं नाही, आणि मधल्या मधे तू तिकडे जीव टांगून बसलीयस!" मी साडूंना अरेतुरे केलं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मागच्या खोलीतला पंखा घरघरत होता. साडू ताईकडे बघत होते आणि ताई ताटाकडे. मग ती म्हणाली, "माझ्यासाठी थांबला होतात?"

"मग तू?"

ताईने मान हलवली आणि पदराने डोळे पुसले, आणि हसली. फोनमधून केतकीचं मुसमुसणं ऐकू येत होतं. तिने विचारलं, "मग येताय ना?" साडूंनी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढा मी त्यांना कधी दिला नव्हता. या वेळी मी गप्प बसलो. त्यांनी एकदा घरभर नजर फिरवली. खिडकीतून दिसणारा किल्ला बघितला. मग म्हणाले, "येतो, बाळा."

शाळांना सुट्ट्या लागल्या तेव्हा ते गेले. सामान बांधायला मीच होतो. नानांनी ट्रकमध्ये दगडांची खोकी चढवताना विचारलं, "सर, बंगळूरला दगड मिळत न्हाईत व्हय?" साडूंनी मशीन स्वतः बंद केलं आणि आपल्या मांडीवर घेऊन गाडीत बसले. आता ते खुशाल आहेत. फोनवर तिथल्या एका बागेतल्या खडकाविषयी मला इतकं सांगतात की दुकानातली गिऱ्हाइकं परत जातात. ताई भाजीवालीशी कानडीत भांडते म्हणे. केतकी आता मला फोन करते तो निव्वळ गप्पांसाठी. माझी बायको म्हणते, बोललात ते फार चांगलं केलंत. केलंच. त्यात मला शंका नाही, आणि तरी त्या दोघांवाचून मला करमत नाही, हेही मी कुणापासून लपवत नाही.

परवा आम्ही पुण्याहून सांगलीला परतत होतो. साताऱ्याचं वळण आलं आणि मी साडूंकडच्या चहासाठी म्हणून सवयीने गाडीचा वेग कमी केला, डावीकडे वळायचा दिवा लावला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. शेजारी ही जागीच होती. थोडं अंतर तो दिवा तसाच टिकटिकत राहिला. मग मी तो बंद केला आणि सरळ पुढे निघालो.